वेळ नाही म्हणणाऱ्यांचे आरोग्य

आपल्या भागात माणसाच्या आयुष्यात शरीराचा विचार साधारणपणे दोनदा होतो. पहिल्यांदा होतो तो भरतीच्या आधी. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे म्हणा किंवा पोलीस भरतीच्या जाहिरातीमुळे म्हणा, पहाटे साडेपाचला काकतीपासून येळ्ळूरपर्यंत कोणत्याही रस्त्यावर बनियन घालून धावणारी मुले दिसतात. दुसऱ्यांदा हा विचार होतो तो डॉक्टरांनी 'एकदा साखर तपासून घ्या' असे सांगितल्यावर. मधली वीस-पंचवीस वर्षे आपण शरीर जुन्या सायकलीसारखे वापरतो. चाक फिरते आहे तोवर तेल घालायची आठवण कोणाला होते? प्रस्तुत लेख या मधल्या वर्षांविषयी आहे.

विद्यार्थी मित्रांना वाटेल की हा विषय आपला नसून स्टाफरूममधल्या मंडळींचा आहे. परंतु तिसऱ्या वर्षात शिकणारा विद्यार्थी चार-पाच वर्षांत कुठेतरी चिकटतो. मग कबड्डी सुटते, सायकल सुटते, ताट मात्र कबड्डीच्या काळातलेच राहते. स्टाफरूममधील प्रत्येक पोट हे एके काळी सडपातळ विद्यार्थ्याचेच पोट होते, हे विसरून चालणार नाही.

'वेळ नाही' ही तक्रार खोटी असते असेही आम्ही म्हणणार नाही. निपाणी आणि बेळगाव यांच्यात पाऊणशे किलोमीटरचे अंतर आहे. या रस्त्यावर रोज ये-जा करणारे शिक्षक, बँकेतील कर्मचारी, कारखान्यातील कामगार आणि तारखेसाठी जाणारे वकील थोडे नाहीत. त्यांपैकी एखाद्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी सातच्या बसला निघताना पोटात चहा आणि दोन बिस्किटे. अकराला कँटीनमध्ये पुरी-भाजी किंवा वडा-पाव. दोनला डबा, तोही काम आटोपले तर. मग चारला, पाचला आणि परतीच्या बसआधी एकेक चहा, सोबत मिरची भजी. घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. तेव्हा लागलेली भूक फरसाणाच्या डब्याकडे नेते आणि साडेनऊला पोटभर भात जेवून दहाला अंथरूण. या माणसाने दिवसभर कष्ट केले आहेत, तो खरोखर दमलेला आहे. पण त्याच्या पायांनी, पाठीने आणि दंडांनी काहीच केलेले नाही. डोके दमणे आणि शरीर दमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीला दुसरी समजतो. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

यावर नेहमीचे उत्तर येते, 'अहो, मी कुठे जाडा आहे?' या उत्तराचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण त्याला शास्त्रीय प्रत्युत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांशी करण्यात आली. तिकडचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, आपले २.७ किलोचे. आपली बाळे हातापायांनी किरकोळ, पोटाचा घेर लहान, स्नायू कमी. मात्र कातडीखालची चरबी पाहिली तर ती त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबी राखून असलेले. याज्ञिकांनी याला जे इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थ 'बारीक-जाडा भारतीय' असा होतो.

हीच गोष्ट त्यांनी पुढे स्वतःच्या शरीरावरून दाखविली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि दुसरे आपले डॉ. याज्ञिक. दोघांच्याही उंची-वजनाचे गुणोत्तर, ज्याला बी. एम. आय. म्हणतात, ते अगदी एकच, म्हणजे २२.३. कोणत्याही तक्त्यानुसार दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. वजनकाटा खोटे बोलला नव्हता. काट्याला हाड, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, इतकेच.

हा फरक महत्त्वाचा का, हे समजून घेण्यासाठी साखरेचा प्रवास पाहावा लागतो. भात, पोळी, भाकरी, पोहे यांतील पिष्टमय भागाची पोटात साखर होते व ती रक्तात उतरते. स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते आणि ते या साखरेला स्नायूंमध्ये व यकृतात शिरण्याची वाट मोकळी करते. साखर साठविण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल, आणि पोटातील अवयवांभोवती साठलेल्या चरबीमुळे त्याच्या दाराची कडी गंजलेली असेल, तर साखर रक्तातच घुटमळते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडून काही वर्षे वेळ मारून नेते आणि शेवटी थकते. मधल्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. तो बसने जातो-येतो, लग्नाला जातो, 'मला काय धाड भरलीय' म्हणतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तदाब वाढलेल्या प्रौढांचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर निघाले. वर्गातल्या एका बाकावर तिघे बसतात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

उंबरठ्यावरच्यांना मात्र परत फिरता येते. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना रोज अर्धा तास भराभर चालण्याचा व खाण्यात सुधारणा करण्याचा सल्ला देऊन त्याचा पाठपुरावा केला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे त्यांचे वजन जवळजवळ कमी झाले नव्हते. काटा हलला नाही तरी आत काहीतरी हलले होते. महिनाभर फिरून वजन उतरले नाही म्हणून बूट कोपऱ्यात टाकणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

आता ताटाकडे वळू. आमच्या कानडी विभागाच्या वाचकांना ठाऊक असलेली एक म्हण आहे : 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.' ज्याला जेवणे कळते त्याला रोग नाही, ज्याला बोलणे कळते त्याला भांडण नाही. म्हणीचा उत्तरार्ध या सीमाभागात अंगी बाणवायला कठीण आहे, म्हणून निदान पूर्वार्धाचा विचार करू.

ब्रिटिश अमदानीत रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचा एक लष्करी डॉक्टर निलगिरीतील कुन्नूर येथे आहारावर संशोधन करीत असे. १९१८ साली तेथे सुरू झालेली त्याची लहानशी प्रयोगशाळा पुढे वाढत गेली, १९५८ साली हैदराबादला हलली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९२० च्या दशकात मॅकॅरिसनने उंदरांचे गट पाडले व प्रत्येक गटाला भारतातील एकेका समाजाचा आहार खाऊ घातला. वाढीच्या दृष्टीने शीख आहारावरचे उंदीर पहिले आले. त्यामागून पठाण, मग मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि शेवटी मद्रासी. कानडी मित्रांनी रागावू नये. त्या उंदरांना राज्य पुनर्रचनेची काहीच कल्पना नव्हती. शिवाय आपल्या एकाच जिल्ह्यात अथणी-सवदत्तीकडे ज्वारी आणि खानापूरकडे भात खाल्ला जातो, तेव्हा या स्पर्धेत आपण नेमके कोणत्या पिंजऱ्यात बसतो हे सांगणे अवघड आहे. पहिल्या पिंजऱ्यात काय होते ते महत्त्वाचे : कोंड्यासह गव्हाची पोळी, दूध-दही-लोणी, डाळी, ताज्या भाज्या आणि फळे. शेवटच्या पिंजऱ्यात मुख्यतः पांढरा, सडलेला तांदूळ आणि अगदी थोडे दूध. अर्थात मॅकॅरिसन पाहत होता ती कोवळ्या जीवाची वाढ. आपल्यापुढे चाळिशीतला माणूस आहे, ज्याची कमरेखेरीज बाकी सर्व वाढ पूर्ण झालेली आहे.

आपल्याकडे अलीकडे एक नवे खूळ आले आहे, ते म्हणजे ज्वारीची भाकरी हे औषध मानण्याचे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून शहरातील मंडळीही भाकरीची स्तुती करू लागली आहेत. आम्हांला त्याचा आनंदच आहे. रेशनच्या तांदळाने आणि 'पोळी म्हणजे प्रतिष्ठा' या समजुतीने जी भाकरी स्वयंपाकघरातून मागे हटली होती, ती परत येत असेल तर बरेच झाले. ज्वारीत तंतू अधिक, ती पोटात सावकाश पचते आणि दोन भाकरींत पोट भरते. परंतु चार भाकऱ्या आणि नुसती चटणी हेही ताट पिष्टमय पदार्थांचेच आहे. वर सांगितलेल्या देशव्यापी पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की भारतीयांच्या खाण्यातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थ व साखर यांतून येतात. आणि पांढऱ्या भाताऐवजी गहू किंवा भरडधान्य खाल्ले, पण एकूण पिष्ट कमी केले नाही, तर धोका कमी झालेला आढळत नाही. त्यातला थोडा भाग काढून त्या जागी डाळी, कडधान्ये व दूध-दही यांतील प्रथिने घातली की धोका उतरतो. म्हणजे भाकरी की भात हा वाद दुय्यम आहे. भाकरीच्या शेजारी काय आहे हा खरा प्रश्न.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या ताटाचा जो नमुना दिला आहे तो याच अंगाने वाचावा. त्यात धान्ये २५० ग्रॅम, पण भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, फळे १०० ग्रॅम, तेलबिया व कठीण कवचाची फळे ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप सगळे मिळून २७ ग्रॅम. आपल्या नेहमीच्या ताटात हे प्रमाण बरोबर उलटे असते. भाजी ही भाताला तोंडी लावायची वस्तू आहे असे आपण मानतो. भाजी वाटीत आणि भात ताटात वाढण्याऐवजी एकदा भात वाटीत आणि भाजी ताटात वाढून पाहावी.

प्रथिनांसाठी महागड्या डब्यांची गरज नाही. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ. आणि हुलगा! कानडीत ज्याला हुरळी म्हणतात, आणि जो बैलाला चारायचा म्हणून आपण पाहुण्यांसमोर लपवितो, त्या हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिने असतात. रात्री भिजत घालावा, सकाळी कपड्यात बांधावा, दुसऱ्या दिवशी मोड आलेले हुलगे कुकरमध्ये शिजतात. थंडीत माडगे करावे, कट काढून वरून लसणाची फोडणी द्यावी. घरात दोघेही नोकरीला असतील त्यांनी रविवारी दोन-तीन कडधान्ये भिजवून मोड आणून ठेवली तर आठवड्याचा निम्मा प्रश्न सुटतो. निव्वळ शाकाहारी मंडळींनी दूध-दही सोडू नये, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, आणि त्याची उणीव असलेल्यांत थकवा व हातापायांना मुंग्या ही लक्षणे 'कामाचा ताण' म्हणून खपून जातात.

चहाचा हिशेब करून पाहावा. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर. पाच कपांचे पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे चांगले म्हणते. चहा सोडा असे सांगण्याचे धाडस बेळगावात कोणी करू नये, पण दोनाचा एक चमचा करता येतो, आणि पंधरा दिवसांनी पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो. कुंद्याविषयी आम्ही काही लिहिणार नाही. तो पाहुण्यांसाठी असतो. फक्त पाहुणे रोज येऊ नयेत.

मिठाचे मात्र मौन बाळगता येत नाही. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा आहे, आणि आपल्याकडे खर्डा, लोणचे, पापड, शेंगाची चटणी आणि फरसाण यांतूनच त्यातला बराचसा वाटा संपतो. ताकात, भातात वरून मीठ घालण्याची सवय मोडली तरी पुष्कळ झाले. रक्तदाब वाढल्याचे लक्षण नसते, हेच त्याचे लक्षण आहे.

उपवासाविषयी एक शब्द. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे आपल्याच वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. साबुदाणा हे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात तूप, बटाटा आणि दाण्याचे कूट घातले की उपवासाचे ताट सणाच्या ताटाला हार जात नाही.

आणि वेळापत्रक. वर ज्याचा दिवस वर्णिला त्या प्रवाशाने बाकी काही केले नाही तरी संध्याकाळी पाचला, बस पकडण्याआधी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळे किंवा पेरू खावा. खिशात मावणारी ही वस्तू आठ वाजताचे फरसाण आणि साडेनऊचा भाताचा डोंगर दोन्ही थोपविते.

व्यायामाच्या बाबतीत बसचेच उदाहरण घेऊ, कारण या विषयाचे आधुनिक शास्त्र बसमध्येच जन्मले. लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा पगार, वस्ती, खाणे साधारण सारखे. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. वाहकांना हृदयविकार कमी प्रमाणात झाला, आणि झाला तरी त्यातून मृत्यू कमी आले. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापेही तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर मोठी निघाली. म्हणजे जाड माणसे मुळात चालक होत असतील अशी शंका उरली, परंतु बारीक व जाड अशी फोड करून पाहिल्यावरही बसून काम करणाऱ्यांचा धोका अधिकच राहिला. त्या वाहकांनी 'व्यायाम' म्हणून काही केले नव्हते; ते तिकिटे फाडीत होते.

यातून व्यस्त माणसाला मोठा दिलासा मिळतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटांची मध्यम मेहनत पुरेशी मानते, म्हणजे रोजची बावीस मिनिटे. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. पूर्वी दहा मिनिटांहून कमी चाल हिशेबात धरीत नसत. २०२० सालच्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकण्यात आली. पाच-सात मिनिटांचे तुकडेही चालतात. पहाटे टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपोच्या झाडांखाली फिरणे ज्यांना जमते ते भाग्यवान. ज्यांना जमत नाही त्यांनी दोन थांबे आधी उतरावे. निपाणीहून अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी रोज राज्याची हद्द ओलांडतो. ते अंतर दुचाकीवरून न जाता पायी ओलांडले तर दोन्ही राज्यांचे काही बिघडत नाही. आणि सर्वांत फायद्याची चाल म्हणजे जेवणानंतरची. चालणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. म्हणून रात्री जेवून दहा-पंधरा मिनिटे गल्लीत फेऱ्या मारणे हे कडी गंजलेल्या कोठाराचे मागचे दार उघडण्यासारखे आहे. आपल्या आजोबांची शतपावली हीच.

मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावले भरली नाहीत म्हणून खंतावणाऱ्यांसाठी सांगतो : हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नाव 'दहा हजार पावलांचे माप' असे ठेवले. नाव आकर्षक होते. २०१९ साली वयस्क स्त्रियांच्या एका अमेरिकन अभ्यासात साडेचार हजारांच्या आसपास पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि साडेसात हजारांनंतर तो फारसा वाढला नाही.

मात्र नुसत्या चालण्याने ते कोठार, म्हणजे स्नायू, मोठे होत नाही. तिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे झिजू लागतात, आणि आपण मुळातच किरकोळ भांडवलाचे लोक. म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी जोर लावण्याचा व्यायाम हवा. यासाठी यंत्रे लागत नाहीत हे आपल्या शेजारच्या एका संस्थानिकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांनी १८९७ साली सँडो या जगप्रसिद्ध पहिलवानाची साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या सल्ल्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग त्यांनी ती जणू मोहीमच केली. औंध संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. स्त्रियांनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह होता, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. या संस्थानचा गुणदाळ हा तुकडा विजापूर भागात, म्हणजे आजच्या कर्नाटकात होता. सूर्यनमस्कार सीमेच्या कोणत्या बाजूचा, हा वाद त्यामुळे आपोआप मिटतो.

राजेसाहेबांची दृष्टी व्यवहारी होती. चटईएवढी जागा, पैसा नाही, साथीदार नाही, आणि छाती, पाठ, पोट, मांड्या, दंड सर्वांना काम. बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटे लागतात. मंत्र म्हणावेत की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. खांद्याला आणि गुडघ्याला दोन्ही सारखेच. पहिल्या आठवड्यात सहा घालावेत, पुढे दोन-दोन वाढवावेत. पाठीच्या मणक्याचा त्रास, हृदयविकार किंवा फार चढलेला रक्तदाब असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाकाउठाची घाई करू नये. त्यांच्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून जोर काढणे हीसुद्धा चांगली सुरुवात आहे.

येथे तालमीविषयी लिहिलेच पाहिजे. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पुरे केले आणि त्या वाऱ्याने आपल्या गल्ल्यागल्ल्यांतही हौदे खोदले गेले. शहापूरच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती पाहिली नाही असा जुना बेळगावकर विरळा. परंतु पहिलवानाचा खुराक पहिलवानालाच शोभतो. शेकडो जोर-बैठका मारणाऱ्याच्या अंगी दूध, तूप, बदामाची थंडाई जिरते. मेहनत सुटली तरी खुराक सुटत नाही, आणि मग वस्तादांच्या वयाला गुडघे व साखर एकदमच बोलू लागतात. आजच्या जिममधल्या तरुणांनीही हे ध्यानात ठेवावे. भुकटीचा डबा चालू आणि जिम बंद, असे महिने वर्षातून किती येतात ते मोजावे.

हा सारा विचार खुर्चीवरच्या माणसाचा झाला. पण व्यस्त प्रौढ म्हणजे फक्त नोकरदार पुरुष नव्हे. निपाणी परिसरात हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विडी वळतात. पहाटे स्वयंपाक, मग मान खाली घालून तासन्‌तास एकाच बैठकीत काम, मग पुन्हा चूल. तंबाखूतले निकोटीन हातांच्या कातडीतून आणि धुळीतून अंगात जाते. काहीजणी मशेरी लावतात, कारण तिने भूक मरते आणि काम थांबत नाही. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेला भात व आमटीचे पाणी हे त्यांचे ताट. दमणूक पाहावी तर कोणत्याही पहिलवानाला लाजविणारी, पण हृदयाला हवी ती चाल नाही आणि हाडांना हवे ते दूध नाही. २०२२ सालच्या स्थितीविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतातील ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या ठरल्या. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. घरकाम करून कंबर मोडलेल्या स्त्रीला हा आकडा सांगितला तर ती लाटणे फेकून मारील, आणि तिचे चुकणार नाही. तिला 'व्यायाम करा' असे सांगण्याआधी कोणी तरी तिच्या हातून सूप काढून घेऊन अर्धा तास मोकळा करून द्यायला हवा. दर तासाला उठून अंगणात दोन फेऱ्या, मान व खांदे फिरविणे, जेवणाआधी साबणाने हात धुणे, आणि स्वतःच्या ताटात आधी उसळ वाढून घेणे, इतके आजही होऊ शकते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी आई किंवा आजी आहे, आणि तिच्याच विड्यांच्या मजुरीवर या महाविद्यालयाची फी भरली गेली आहे. रात्रीची शतपावली तिला सोबत घेऊन करता येईल.

राहता राहिली मोजदाद. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील लोकांसाठी ही तपासणी केली जाते. घरी कमर मोजावी. भारतीय पुरुषाची कमर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर यांच्या वर गेली की वजनकाटा काहीही म्हणो, चरबी आत साठू लागली आहे असे समजावे. पट्टी शिंप्याकडे मिळते तीच चालते. ती पँटच्या पट्ट्यावर लावायची नसते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर लावायची असते. आणि पोट आत ओढायचे नाही.